रेवती अजून आत आहे

रेवतीला मी सोडवलं. सोडवायला नको होतं. सोडवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रुग्णालयातल्या तीन खाटा रिकाम्या होत्या, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

रेवती म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतली. पण तिच्याआधी बाईंबद्दल सांगायला हवं.

लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, वस्ती संपता संपता, क्षयाच्या रोग्यांचं एक लहानसं रुग्णालय होतं. मुंबईच्या कुणा शेठजींनी हवा खाण्यासाठी बंगला बांधला, त्यांच्या वारसांना ती हवा मानवली नाही, आणि बंगला धर्मादाय झाला. रंगीत काचांच्या खिडक्या, गोल जिना, माडीवर कायम कुलूपबंद असलेली एक खोली, आणि पावसाळ्यात तर धुकं सरळ व्हरांड्यात येऊन खाटांमधून फिरायचं. सत्तरच्या दशकात मी तिथे कारकून होतो. बी.ए.ला दोनदा गचकल्यावर मामांनी ओळखीने चिकटवलं होतं. रोगी मला भाऊसाहेब म्हणत. तो हुद्दा मला जरा मोठाच होता, पण मी कधी तक्रार केली नाही.

आणि बाई म्हणजे तिथल्या मेट्रन. त्यांना नाव होतं. पगारपत्रकावर दर महिन्याला मीच ते लिहीत असे. पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. उंच, हाडापेराने मोठ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि कोपराला बारा महिने छत्री. ही छत्री पावसात कमी आणि माणसांवर जास्त चालायची. म्हणजे बाई मारायच्या नाहीत. टोचायच्या. खोकताना तोंडावर हात न धरणारा, गोळी जिभेखाली लपवणारा, खाटेवर बूट घालून बसणारा पाहुणा, सगळ्यांना छत्रीचं टोक माहीत होतं. डॉक्टरांनाही एकदा बसलं होतं. त्यांनी वॉर्डात सिगरेट काढली होती.

बाईंची मोठी गंमत अशी की त्या काहीच पुरं करत नसत. चहाचा शेवटचा घोट कपात राहायचा. पानात भाकरीचा शेवटचा तुकडा राहायचा. वाक्यंसुद्धा अर्धी. "तू जर उद्या औषधाची पूड घेतली नाहीस तर..." असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे निघून जात. पुढे काय, ते रोग्याने रात्रभर स्वतःच ठरवायचं. माणूस स्वतःसाठी फार वाईट शिक्षा ठरवतो. सकाळी पूड मुकाट घेतलेली असायची.

स्वेटरचंही तसंच. बाई फावल्या वेळात लोकर विणत आणि दाखल होणाऱ्या प्रत्येक रोग्याला स्वेटर देत. त्याला बाही एकच. विचारलं तर म्हणत, "सुईचा हात मोकळा राहायला हवा." सुई कमरेत देत असत. पण हे त्यांना सांगणार कोण? दुसरी बाही बरा होऊन घरी जाताना मिळायची, तीही वेगळी, हातात. घरी जाऊन शिवून घ्यायची. त्यामुळे थंडीत आमचा वॉर्ड मोठा मजेदार दिसे. डावा हात लोकरीत आणि उजवा चादरीत, अशी माणसं ओळीने बसलेली. लोणावळ्याच्या बाजारात एका बाहीचा कुणी दिसला की दुकानदार वजनकाटा सोडून जरा मागे सरकत.

आता टीव्ही. आमच्या एका विश्वस्तांनी मुंबईत नवा संच घेतला आणि जुना, चार पायांचा, लाकडी दारांचा, रुग्णालयाला देणगी म्हणून दिला. कौलांवर चढून त्याच्या अँटेनाची काठी मीच बांधली. तेव्हा आख्ख्या लोणावळ्यात टीव्ही मोजकेच, तेही बंगलेवाल्यांचे. सगळा वॉर्ड खुशीत होता. पण बाईंनी संच माडीवरच्या त्या कुलूपबंद खोलीत नेऊन ठेवला. म्हणाल्या, "रोग्यांच्या डोळ्यांना त्या उजेडाचा ताण नको. मी बघेन आणि सांगेन."

आणि तसंच सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी बाई वर जात, दार आतून लावून घेत. खालून नुसती खरखर ऐकू यायची. मधूनच खिडकीतून छत्री बाहेर यायची आणि टोकाने खूण व्हायची: काठी डावीकडे, काठी उजवीकडे. मी कौलांवर. पावसाळा असो, थंडी असो, दर शनिवारी मी कौलांवर काठी धरून उभा. मग रविवारी सकाळी, सगळ्यांनी ती कडू पांढरी पूड पाण्याबरोबर गिळली की बाई व्हरांड्यात मधोमध खुर्ची टाकून बसत. "पूड घेतली नसेल त्याने कान बंद करावेत," असं म्हणत, आणि मालिका सांगत.

रेवती नावाची एक अनाथ मुलगी. डोंगरावर हवेली. तिथला दिवाणजी, त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आणि एक मोलकरीण, कायम काळं लुगडं नेसलेली, कधी न बोलणारी. दिवाणजीने रेवतीला वरच्या खोलीत कोंडलेलं. का, तर तळघरात तिने काहीतरी पाहिलं होतं. काय पाहिलं ते बाई दर रविवारी सांगायच्या बेतात यायच्या आणि तेवढ्यात त्यांना कुणाचा तरी ताप तपासायची आठवण व्हायची. तिला सोडवायला धडपडणारा वसंतराव, सर्व्हे खात्यातला. हा मनुष्य दर आठवड्याला रेवतीला वाचवत वाचवत राहून जाई. एकदा शिडी आणली, ती एका पायरीने तोकडी. एकदा किल्ली मिळवली, ती कुलपात तुटली. एकदा तर रेवतीने खिडकीतून जिवाच्या आकांताने हाक मारली, वसंतराव खाली रस्त्यावरच होता, आणि त्याच क्षणी घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाने भोंगा दिला. वसंतरावाने टोपी सरळ केली आणि चालू लागला.

"आरं मागं बघ की!" इंदुरीचे आबा खाटेवरून ओरडले. हे आबा आमचे सगळ्यात जुने रोगी. वॉर्डातलं त्यांचं वजन डॉक्टरांपेक्षा जास्त. "ह्यो सर्व्हेवाला जमिनी कशा मोजत आसंल हो बाई! ह्याला एक शिडी मोजता येत न्हाई."

"मी म्हन्ते," सोनाबाई म्हणाली, "ती पोरगी आतनं काय करती? नुस्ती खिडकीत हुबी ऱ्हाऊन वाट बगती. दाराला हात लावून बगावा माणसानं."

"लावला," बाई म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात लावला. आणि दाराला हात लावल्याबरोबर..."

त्या उठल्या. घड्याळ बघितलं. गेल्या.

"ह्या बाईला देव बगून घील," आबा म्हणाले आणि पुढच्या रविवारपर्यंत जगायच्या तयारीला लागले.

सोनाबाई कुरवंड्याच्या वरच्या वाडीची. वय असेल पंचविशीच्या आत. घरी नवरा, सासू आणि नुकतं चालायला लागलेलं पोर. छातीच्या फोटोत डाव्या बाजूला मोठा डाग. तेव्हा औषधं वर्ष दीड वर्ष घ्यावी लागत, आणि आमचं सगळं दुखणं तिथेच होतं. चार महिने झाले की ताप उतरे, अंगावर मांस चढे, आणि माणसाला वाटे आपण बरे झालो. पेरणी आली, कापणी आली, की लोक गाठोडं बांधून घरी. पुन्हा येत ते सहा महिन्यांनी, डोलीतून, आणि तेव्हा जुनी औषधं लागू पडत नसत. सोनाबाई याच बेतात होती. सासू दर आठवड्याला पोराला घेऊन कुंपणाबाहेर येऊन बसे, पोर लांबूनच "आये" म्हणून हात हलवी. सोनाबाई तारेला धरून उभी राही. ते गेले की दिवसभर कुणाशी बोलत नसे. पण रविवारी रेवतीसाठी थांबे. एक रविवार, मग दुसरा.

हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटे, बाईंना टीव्हीचा नाद आहे.

आणखी एक गोष्ट मी रोज बघत होतो आणि मला ती दिसत नव्हती. रोगी पुरता बरा होऊन निघाला की बाई त्याला फाटकापर्यंत पोचवायला जात. दुसरी बाही हातात देत आणि मग वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगत. ऐकता ऐकता त्या माणसाचा चेहरा असा फुलायचा! कुणी हसे, कुणी डोळे पुसे, एकदा एका म्हाताऱ्याने तिथेच टाळी वाजवली. मला वाटे, बाई माशाच्या तेलाचे डोस समजावून सांगत असतील. माशाच्या तेलावर कुणी टाळी का वाजवेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

भातकापणीच्या तोंडावर बाईंच्या दाढा उठल्या. पुण्याला जाऊन काढून घ्यायच्या ठरल्या. जाताना त्यांनी मला फाटकाशी थांबवलं. "कारकुना, रविवारी विचारलं तर सांग, या आठवड्यात मालिका नव्हती. एवढंच. त्याच्यापुढे एक शब्द जरी..."

आणि एस.टी.त बसल्या.

ते वाक्य मी माझ्या सोयीने पुरं केलं. मला वाटलं, एक शब्द जरी चुकला तरी चालेल, पण रोग्यांना निराश करू नकोस. शनिवारी संध्याकाळी बाईंच्या टेबलाच्या खणातली किल्ली घेऊन मी वर गेलो. टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या. खरखर. बटणं पिळली, मुंग्या तिरक्या झाल्या. कौलांवर गेलो, काठी फिरवली, खाली आलो; मुंग्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. मालिकेची वेळ टळून गेली. बाईंना जमतं ते मला जमत नाही, बटणं पिळायला हात लागतो, अशी मनाची समजूत घालून मी अंगभर कौलांची माती घेऊन झोपायला गेलो.

रविवारी व्हरांड्यात सगळे पूड घेऊन तयार. बाईंची खुर्ची मधोमध. मी बसलो. इथे "मालिका नव्हती" एवढं म्हटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण समोर सोनाबाई होती. तिचं पोर आदल्या दिवशी कुंपणाबाहेर रडून रडून गेलं होतं, आणि तिचे डोळे सुजले होते. माझ्यातला वसंतराव जागा झाला.

मी सुटलोच. दिवाणजीला दरीत ढकलला. मोलकरणीला वाचा फोडली. तळघराचा दरवाजा उघडला आणि तिथे काय होतं ते न सांगता पटकन लावून टाकला, कारण मलाही माहीत नव्हतं. वसंतरावाला पुरेशा लांबीची शिडी दिली. रेवती खिडकीतून उतरली, पांढऱ्या मोटारीत बसली, आणि मोटार घाट उतरून सरळ तिच्या मावशीच्या दारात. मावशी नव्हतीच कथेत, मी आणली. औक्षणसुद्धा केलं.



"सुटली?" सोनाबाईने विचारलं.

"सुटली."

"येकदम? पुरती?"

"पुरती!" मी म्हणालो. "संपली गोष्ट."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ती दाद वाटली. आबा तेवढे म्हणाले, "आसं कसं?" पण त्यांना सगळ्यातच खोट काढायची सवय, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी तीन खाटांवर चादरींच्या नीट घड्या, त्यांच्यावर थाळी-वाटी घासून पालथी. दोघं एस.टी. स्टँडवर भजी खाताना सापडले; वॉर्डबॉयने कॉलरला धरून आणले. सोनाबाई मिळाली नाही.

मी आबांकडे धावलो. "आबा, ही माणसं गेली का?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझे बी.ए.चे निकाल आठवले. "शेवट सांगितलात न्हवं?"

"मग?"

"भाऊसाहेब, हितं शेवट आयकला की मानूस घरी जातो. बाई फाटकापाशी कानात काय सांगत्यात आसं वाटलं तुमाला? पुरता बरा झाला त्यालाच ती पोरगी सुटती. येकेकाची येगळी सुटती. बाकीच्यांनी हितं बसून पूड खायाची. तुमी तर आक्का वार्डच सोडून दिला!"

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"मला ते औक्षान पटलं न्हाई," आबा म्हणाले.

बाई बुधवारी परतल्या. गाल दोन्हीकडून भोपळ्यासारखे, हनुवटीखालून डोक्यावर पांढरा फडका बांधलेला, तोंडात कापूस. डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केलेली. मी सगळं सांगितलं. पांढऱ्या मोटारीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मावशीच्या औक्षणापाशी त्यांच्या घशातून एक आवाज आला. तसा आवाज मी त्याआधी फक्त घाटातल्या इंजिनाचा ऐकला होता. मग त्यांनी माझ्या छातीवर छत्री टेकवली, दाराकडे वळवली आणि निघाल्या. मी मागे.

कुरवंड्याच्या वरच्या वाडीला आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. नागफणीच्या कड्याखाली खाचरं पिवळीधमक, आणि एका खाचरात सोनाबाई वाकून भात कापत होती, एका बाहीच्या स्वेटरात. तिच्या पुढे सासू पेंढ्या बांधत होती. बांधावर पोर मातीत खेळत होतं. चार मुठी कापल्या की सोनाबाई थांबे, पदर तोंडाला लावी आणि पोराकडे पाठ करून खोकून घेई.

बाईंनी ते बघितलं. मीही बघितलं. गाडी चुकली, बी.ए. हुकलं, असल्या चुकांना मी सरावलो होतो. ही चूक तसली नव्हती.

सासूने मान वर केली. "ह्या बाईंच्या तोंडाला काय झालं?"

"दाढा काढल्या. बोलता येत नाही."

"मंग बोलनार कोन?"

माझ्या बरगडीत छत्री टोचली.

"सोनाबाई," मी म्हणालो, "रेवती सुटली नाही."

विळा थांबला. "तुमीच तर म्हनलात सुटली. पांढऱ्या मोटारीत बसून गेली म्हनलात."

"मोटारीत बसली ती रेवती नव्हती."

"मंग कोन व्हती?" हे सासूने विचारलं. सोमवारपासून खाचरात काम करता करता सोनाबाईची तिला पहिल्या रविवारपासूनची सगळी मालिका सांगून झाली होती.

कोण होती, हे मला काय ठाऊक! मी बाईंकडे बघितलं. बाईंनी फडक्यावरून पदर ओढून तोंड झाकलं, पाठ वाकवली आणि कापलेल्या भाताच्या खुंटांतून चोरपावलांनी चार पावलं टाकली. एवढी मोठी बाई, सुजलेल्या गालांची, भर उन्हात, खाचरात. हसू यायला हवं होतं. कुणालाच आलं नाही.

"मोलकरीण!" मी ओरडलो.

बाईंनी जोरात मान डोलावली. मला वाटलं, पुण्यात चांगला टीव्ही दिसत असणार, बाईंनी हा भाग तिकडे बघितला असणार. मला हुरूप आला. "मोलकरीण रेवतीचं पातळ नेसून उतरली. अंधार होता. वसंतरावाला कळलं नाही."

"त्या मेल्याला कदी काय कळलंय!" सासू म्हणाली.

"मंग दिवानजी दरीत पडला त्यो?" तिनेच पुढे विचारलं.

छत्री आडवी हलली.

"पडला नाही. झाडाला अडकला. वर आला."

"आन् रेवती?" सोनाबाईने विचारलं. आवाज बारीक.

बाईंनी एक हात वर केला आणि दुसऱ्या हाताने हवेत किल्ली फिरवली. दोनदा. सावकाश.

"अजून आत आहे," मी म्हणालो.

सोनाबाई बांधावर बसली. बराच वेळ विळ्याच्या पात्यावरची माती अंगठ्याने पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी संपलं न्हाई."

"नाही."

"मला वाटलंच. खोकला ऱ्हात न्हवता."

सासूने पेंढी खाली टाकली. "तू तर म्हनलीस, मला सोडलं. शेवट सांगितला म्हनलीस."

"सांगितला व्हता."

"बाईंनी?"

सोनाबाईने माझ्याकडे बोट केलं. म्हातारीने मला डोक्यापासून चपलांपर्यंत बघितलं आणि सुनेला म्हणाली, "आन् ह्यांच्यावर इस्वास ठिवून तू डोंगर चढलीस?"

"पर आत्या, भात? गळाया लागलंय. तुमी येकट्या, धनी दिवसभर कामाला शेरात, आन् पोर..."

"भाताचं मी बगते. इर्जिक घालते. समदी वाडी यील येका दिसात, जेवाया घालीन त्यानला. पोराला मीच बगते न्हवं आत्ताबी?" मग ती बाईंकडे वळली. "जाऊ द्या हिला. पर मी दर रईवारी येनार. कुंपनाभायेर बसून मलाबी आयकू आलं पायजे. मोठ्यानं बोला."

बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी छत्री बांधावर ठेवली, पदर खोचला, सोनाबाईच्या हातातून विळा घेतला आणि खाचरात उतरल्या. सोनाबाईची कापायची राहिलेली पात त्यांनी सरासर कापत नेली. कुठे शिकल्या होत्या कुणास ठाऊक. मला वाटलं, आपणही मागे राहू नये. म्हातारीकडून दुसरा विळा घेतला, पहिली मूठ धरली आणि भाताबरोबर स्वतःचं बोट कापून घेतलं. मग बाईंना काम सोडून डोक्यावरच्या फडक्याची एक कड फाडून माझं बोट बांधावं लागलं. म्हातारी म्हणाली, "ह्यानला सावलीत बशिवा, न्हाईतर इर्जिक ह्यांच्यासाटीच घालावी लागंल."

पातीचं शेवटचं टोक बाईंनी कापायचं ठेवलं. भाताची चार धाटं तशीच उभी. मी दाखवली तर त्यांनी बघितलंच नाही.

परतताना सोनाबाई पोराला लांबूनच म्हणाली, "येते रं." बाईंनी छत्री उघडली आणि सगळ्या वाटेवर तिच्या डोक्यावर धरली. छत्री छत्रीसारखी वापरलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मी मागून, बोट वर करून.

पुढचे दोन रविवार बाईंच्या देखरेखीखाली मालिका मी सांगितली. आठवडाभर त्या मला खुणांनी भाग समजावत, आणि रविवारी माझ्या मागे उभ्या राहत, छत्रीसकट. रेवतीला सोडवायची नुसती लहर जरी मला आली तरी पाठीत कळत असे. कुंपणाबाहेर सोनाबाईची सासू मांडीवर पोर घेऊन, कानामागे हात धरून. तिच्यामुळे हळूहळू वाडीतल्या आणखी बाया येऊन बसू लागल्या. त्यांच्यातल्या एकीचा खोकला बाईंनी तारेपलीकडून ऐकला आणि तिलाही आत घेतलं. तिचा डाग अगदी लहान होता.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पावसात कौलं निसरडी झाली तरी माझे शनिवार चुकले नाहीत. वसंतराव दोरीने आला, बोगद्यातून आला, एकदा साधूच्या वेषात आला आणि दिवाणजीने त्याला शिधा देऊन वाटेला लावला. आबा बरे होऊन इंदुरीला गेले. फाटकाशी बाईंनी कानात सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पुन्हा खोकला येतो की काय म्हणून बाई घाबरल्या. पुढचं भात पिकून कापायला आलं त्या सुमाराला डॉक्टरांनी सोनाबाईच्या छातीचा नवा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला, बराच वेळ बघितला, आणि नुसती मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलली हे कळायला सोनाबाईला एक क्षण लागला. मग तिने फोटो डॉक्टरांच्या हातातून घेतला, स्वतः उजेडाला धरला आणि रडली.

निघायच्या दिवशी कुंपणाबाहेर, तारेला नाही, उघड्या फाटकात तिचं पोर उभं होतं. आता चांगलं पळत होतं. बाईंनी दुसरी बाही सोनाबाईच्या हातात दिली. वाकल्या. आणि थांबल्या.

"कारकुना," त्या म्हणाल्या, "तू सांग. हिची तूच अर्धवट सोडवली होतीस."

मला काय सुचलं असेल ते असेल. मी सोनाबाईच्या कानाशी वाकलो आणि सांगितलं की वसंतराव अखेर बरोबर मापाची शिडी घेऊन आला, वर चढला, खिडकीतून बघतो तर खोली रिकामी. खाली बघतो तर रेवती शिडीचा पाय धरून उभी. तो दरवाजा आत ओढायचा होता. इतके महिने ती बाहेर ढकलत होती. त्या दिवशी ओढून बघितला, आणि जिन्याने चालत खाली आली. वरून वसंतरावाला उतरता येईना, तर तीच म्हणाली, "सावकाश उतरा, मी धरलीय."

सोनाबाईने ऐकलं. चेहरा फुलला. असा चेहरा आपल्यामुळे कधी फुलेल असं मला वाटलं नव्हतं. मी भारावून गेलो आणि अर्थातच गप्प बसलो नाही.

"सोनाबाई," मी म्हणालो, "हा शेवट माझ्या मनचा हं. मुंबईवाले टीव्हीवर खरा शेवट दाखवतील तेव्हा बाई तुला निरोप पाठवतील. काठी मी आणखी उंच बांधणार आहे, म्हणजे चित्र स्पष्ट येईल."

बाई एकदम आभाळाकडे बघायला लागल्या. सोनाबाईने पोराला उचलून कडेवर घेतलं, बाही त्याच्या गळ्यात गुंडाळली, आणि माझी कीव आल्यासारखं म्हणाली:

"भाऊसाहेब, त्या डब्यात मुंग्यांबिगर काय दिसत न्हाई, ह्ये पैल्या रईवारपासनं समद्या वार्डाला ठावं हाय. बाईंनीच बजावलं व्हतं आमाला. म्हनल्या, त्या कारकुनाला तेवढं सांगू नका. दर शनवारी कौलावर चढतो बिचारा, त्याला लय आशा हाय."